ऊसतोड मजूर आणि पक्षाघात

मेंदूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटल्यामुळे किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे शरीराची एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, बोबडी वळते. या विकारास पक्षाघात म्हणतात. मराठवाड्यात ‘लकवा मारला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ असे सांगतात. उच्च रक्तदाब हे त्याचे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण असून त्याखालोखाल मधुमेह, तंबाखू, मद्यपान आणि हृदयाची अनियमित लय ही कारणे येतात.

बीड, जालना, धाराशिव आदी जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि पुढचे काही महिने उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहतात. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच जाणवत नाही. त्यामुळे गावच्या आरोग्य केंद्रातून आणलेल्या गोळ्या संपल्या की त्या परमुलखात कुठे मिळतील, याची चौकशी मागे पडते, आणि दवाखान्यासाठी खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. खरी अडचण अज्ञानापेक्षा ही खंडित औषधे हीच आहे. निघण्यापूर्वी रक्तदाब व साखर तपासून हंगामभराच्या गोळ्या आणि उपचाराची चिठ्ठी सोबत देणे हा त्यावरचा साधा उपाय होय. भूक मारण्यासाठी चघळलेली तंबाखू आणि बायकांची मिश्री यांचाही विचार प्रतिबंधात करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. ठेचा-भाकरीवर भागणाऱ्या जेवणात ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

कष्टाने वाळलेला देह रोगापासून सुरक्षित, हा समज फसवा आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह कमी वयात आणि तुलनेने कमी वजनातही आढळतो. आशियाई लोकांसाठी शरीरभार निर्देशांकाची (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या आकड्याची) सावधतेची पातळी २५ ऐवजी २३ धरतात, ती याच कारणाने.

लकव्यावर गावठी उपाय म्हणून कबुतराच्या रक्ताने मालिश करण्यात मोलाचे तास जातात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे ४.५ तासांच्या आत, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच देतात. म्हणून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका लगेच बोलवावी. पहाटे उठताना लक्षणे दिसल्यास वेळ जाग आल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात, आणि ती बहुधा ‘कोयत्या’तल्या, म्हणजे मिळून ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीतल्या, जोडीदारालाच ठाऊक असते.