जठर लहान झालं, पण गोळीचं काय?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली की जवळच्या माणसांकडून एक सल्ला हमखास मिळतो: ‘आता त्या डोक्याच्या गोळ्या बंद कर, नाहीतर सगळं वजन परत येईल.’ काही मानसोपचाराच्या औषधांनी वजन वाढतं हे खरं आहे. पण तेवढ्यावरून गोळ्या सोडून देणं धोक्याचं आहे. कारण शस्त्रक्रियेनंतर आधी विचारायला हवा तो प्रश्न या सल्ल्यात कुठेच नसतो. ती गोळी आता रक्तात पोचते तरी किती?

ही शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारची असते, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. मधला मार्ग शरीरातच राहतो, फक्त अन्न तिथून जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्या मार्गाने वाहत येतो आणि बराच खाली अन्नाला मिळतो.

आता गोळीच्या मागोमाग जाऊ. गिळलेली गोळी आधी फुटली पाहिजे, मग विरघळली पाहिजे. फोडण्याचं काम जठराच्या घुसळण्याने होतं आणि विरघळण्याला आम्ल मदत करतं. मनावरची बरीचशी औषधं रासायनिकदृष्ट्या सौम्य अल्कली असतात, त्यामुळे ती आम्लात चांगली विरघळतात. बायपासनंतरच्या छोट्या पिशवीत घुसळणंही कमी आणि आम्लही कमी. पुढे आतड्याचा सुरुवातीचा, शोषणाला उत्तम असा पट्टा गोळीला लागतच नाही. ज्या औषधांना स्निग्ध पदार्थांसारखी पित्ताची गरज असते, त्यांना पित्त उशिरा भेटतं. या सगळ्यामुळे औषध कमी पोचावं.

पण हिशेब इथेच संपत नाही, आणि मला या विषयाची खरी गोडी इथेच वाटते. आतड्याच्या याच सुरुवातीच्या भागाच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम भरपूर असतं. औषध रक्तात शिरण्याआधीच ते त्यातला काही भाग तोडून टाकतं. हा पट्टा टळला की ती तोडफोडही टळते, म्हणजे औषध जास्त पोचावं! एकाच शस्त्रक्रियेतून दोन उलट परिणाम निघतात. कोणता वरचढ ठरेल हे औषधागणिक आणि माणसागणिक बदलतं.

२००५ मध्ये संशोधकांनी बायपासनंतरच्या जठरासारखी परिस्थिती प्रयोगशाळेत तयार करून मानसोपचाराची २२ औषधं त्यात विरघळवून पाहिली. १० औषधं नेहमीपेक्षा कमी विरघळली. दोन मात्र जास्त विरघळली: लिथियम (बायपोलर, म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं औषध) आणि ब्युप्रोपियॉन (नैराश्यावरचं औषध). २०१२ मध्ये नैराश्यावरच्या सेरोटोनिन गटातल्या गोळ्या घेणाऱ्या १२ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. बायपासनंतर महिन्याभराने त्यांतल्या आठ जणांच्या रक्तात औषध आधीच्या साधारण निम्म्यावर आलं होतं. सहा महिन्यांत बहुतेकांची पातळी पुन्हा वर आली. संख्या लहान आहे, पण कधी सावध राहायचं ते यातून कळतं: पहिले काही महिने.

लिथियमबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक जिवावर बेतू शकते. रक्तात ते साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर हवं. १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडलं की मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिका सोडियम घट्ट धरून ठेवतात, त्यासोबत लिथियमही परत रक्तात येतं. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत रुग्ण घोट घोट पाणी पितो, जेवण नावापुरतं असतं, उलट्याही होतात. डोस तोच राहतो आणि रक्तातली पातळी चढत जाते. वर घोळ असा की लिथियम वाढल्याची सुरुवातीची लक्षणं म्हणजे मळमळ, उलटी, जुलाब. ‘ऑपरेशननंतर असं होतंच’ म्हणून ती सहज नजरेआड होतात. उलटीने पाणी आणखी घटतं आणि लिथियम आणखी वाढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, जीभ अडखळणं दिसलं तर वाट न पाहता रक्त तपासायला हवं.

‘डिटॉक्स’ चहा आणि चरबी वितळवण्याची चूर्णं विकणाऱ्यांवर माझा राग आहे तो यामुळेच. त्यांत अनेकदा मूत्रल (लघवी वाढवणारे) किंवा रेचक (जुलाब करणारे) घटक असतात. त्यांनी चरबी जात नाही, पाणी जातं. लिथियम घेणाऱ्या माणसाला असं काही देणं हा सरळसरळ अपराध आहे.

मग वजन वाढवणारी गोळी बदलून टाकली तर? बदल करता येतो, पण तिथेही अडचण आहे. मनोविकारांवरच्या, वजन फारसं न वाढवणाऱ्या औषधांपैकी लुरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घ्यावं लागतं आणि झिप्रासिडोनला सुमारे ५०० कॅलरी लागतात. उपाशीपोटी त्यांचं शोषण खूप घटतं. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत एवढं जेवण एका बैठकीत जाणार कसं?

राहिला वजन परत येण्याचा प्रश्न. शस्त्रक्रियेने भुकेचं हार्मोन घ्रेलिन घटतं (विशेषतः स्लीव्हमध्ये) आणि पोट भरल्याचा निरोप देणारं जीएलपी-१ वाढतं. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची, वजन वाढवणारी औषधं मात्र मेंदूतल्या हिस्टामिनच्या एच१ रिसेप्टरवर (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर) आणि सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर बसतात. एच१ अडवला की हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागात) एएमपीके हे एन्झाइम सक्रिय होतं आणि ऊर्जा कमी पडल्याचा निरोप जातो. २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दिसलं, आणि ज्या उंदरांमध्ये एच१ नव्हताच त्यांच्यात हा परिणाम झाला नाही. तिथवर सर्जनची सुरी पोचत नाही.

तरीही वाढलेल्या प्रत्येक किलोचं खापर गोळीवर फोडू नये. स्वीडनमधल्या दीर्घकालीन अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटलं होतं. १० वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं वजन परत येणं हा शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या वाटचालीचाच भाग आहे. शिवाय औषध कमी पोचल्यामुळे नैराश्य उलटलं, तर झोप बिघडते, दिवसभर चरणं सुरू होतं, आणि वजन त्यानेही वाढतं. काट्यावर दिसणारे तेच चार किलो औषध लागू पडल्यामुळे आलेले असतील किंवा लागू न पडल्यामुळे. पहिल्यात डॉक्टर औषध बदलण्याचा किंवा मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध जोडण्याचा विचार करतील, दुसऱ्यात डोस वाढवण्याचा. स्वतःच्या मनाने गोळी सोडणारा माणूस दुसऱ्या प्रकारातला असेल, तर तो आजार आणखी चिघळवतो.

म्हणून मानसोपचारतज्ज्ञाची भेट शस्त्रक्रियेच्या आधी व्हावी. लिथियमची पातळी तेव्हाच मोजून ठेवावी आणि नंतर सुरुवातीचे काही आठवडे दर आठवड्याला. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांऐवजी साध्या गोळ्या किंवा द्रवरूप औषध घेता येतं का ते विचारावं. अशी संथ गोळी कुटून घेऊ नये, कारण दिवसभराचा डोस एकदम सुटतो. जिभेखाली ठेवायचं असेनापिन हे मनोविकारांवरचं औषध किंवा काही आठवडे टिकणारं इंजेक्शन पचनमार्ग टाळूनच रक्तात जातं, तोही पर्याय आहे. बहुतेक नैराश्यविरोधी गोळ्यांची रक्तपातळी सर्रास मोजली जात नाही. तिथे वजनाच्या वहीतच रोजची झोप, मनःस्थिती आणि भूक लिहून ठेवावी, आणि ती वही सर्जन व मानसोपचारतज्ज्ञ अशा दोघांनाही दाखवावी.