ठेक्याच्या आधी पडणारं बोट

मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लय देणाऱ्या यंत्राच्या, टिकटिकीबरोबर टेबलावर बोटाने ठोके द्यायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट आवाजाच्या किंचित आधी पडतं. साधारण २० ते ८० मिलिसेकंद. मुरलेल्या वादकांचं त्याहून कमी. गंमत म्हणजे आपण अगदी नेमके आहोत अशीच प्रत्येकाची खात्री असते. आवाज ऐकून मग बोट हललं असतं तर ते उशिरा पडलं असतं, कारण ऐकून हात हलवायलाच दीडेकशे मिलिसेकंद जातात. मेंदूने पुढच्या ठोक्याची वेळ आधीच धरलेली असते.

हे काम एकट्या कानाचं नाही. हात-पाय स्वस्थ ठेवून नुसता ठेका ऐकला तरी मेंदूतले हालचाली आखणारे भाग कामाला लागतात. पाय आपसूक हलायला लागतो तो उगाच नाही! हंगेरीत २००९ साली दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवून मधूनच पहिला, वजनाचा ठोका गाळला गेला. त्या रिकाम्या जागी बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी बदलल्या.

डोलायला लावतात त्या या रिकाम्या जागाच. संशोधक मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये फंक या ठेकेदार नाचाच्या संगीतातल्यासारखे ड्रमचे तुकडे लोकांना ऐकवले. सगळे ठोके जागच्या जागी पडले की नाचावंसं वाटेना. फार आडवेतिडवे पडले की ठेकाच हरवे. मधल्या गुंतागुंतीला सर्वाधिक पसंती मिळाली.

तबल्याच्या शौकिनांना याचं नवल वाटणार नाही. सोळा मात्रांच्या तीनतालात ‘धा धिं धिं धा’ दोनदा झालं की ‘खाली’, म्हणजे तालाचा बिनवजनाचा भाग, येते आणि ‘धिं’चं ‘तिं’ होतं. डाव्या हाताच्या डग्ग्याचा घुमारा थांबतो, उजव्याचा आवाज तेवढा उरतो. शेवटच्या चार मात्रांत ‘ता’नंतर ‘धिं धिं धा’ म्हणत डग्गा परतला की सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जवळ आल्याचं कळतं आणि श्रोत्यांचे हात आपोआप उचलले जातात.

जॅझमधल्या स्विंगबद्दल, म्हणजे त्यातल्या डोलायला लावणाऱ्या लयीबद्दल, मात्र बरीच वर्षं वाद होता. वादकांचं एकमेकांशी बारीक मागेपुढे होणं हेच त्याचं मर्म, असं संगीताचे अभ्यासक चार्ल्स काइल यांनी १९८७ मध्ये मांडलं. पुढे संगणकावर तासूनपुसून बिनचूक केलेले तुकडेही श्रोत्यांना तितकेच आवडले, तेव्हा या मताला धक्का बसला. माझ्या मते दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर होत्या. कसंही मागेपुढे होऊन भागत नाही. जर्मनीतल्या गटिंगेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की एकल वादक मुख्य ठोक्यावरचे स्वर किंचित उशिरा घेतात, पण अधल्यामधल्या जागांवर साथीदारांना बरोबर गाठतात. प्रयोगात हा उशीर सुमारे ३० मिलिसेकंदांचा ठेवला, तेव्हा जॅझ वादकांना त्यात जास्त स्विंग जाणवला. त्यांना फरक ऐकू येत होता. तो कशात आहे, हे मात्र सांगता येईना.