बाहेरच्या युनिटची जागा

गोव्यातील नव्या इमारतींमध्ये एसीचे बाहेरचे युनिट दर्शनी भागात दिसू नये म्हणून ते पुष्कळदा अरुंद शाफ्टमध्ये (इमारतीतील उभ्या पोकळीत) किंवा आडव्या पट्ट्यांच्या जाळीमागे बसवले जाते. इमारत त्यामुळे नेटकी दिसते हे खरे. पण ज्या यंत्राचे सारे काम हवेवर चालते त्याचीच हवा तोडली जाते, आणि त्याचा भुर्दंड विजेच्या बिलात व कॉम्प्रेसरच्या आयुष्यात भरावा लागतो.

एसी खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट दराने उष्णता काढतो. त्यात सुमारे दीड किलोवॅट विजेची भर पडते आणि बाहेरच्या युनिटला जवळजवळ ६.८ किलोवॅट उष्णता हवेत सोडावी लागते. दोन किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालवल्यासारखेच हे आहे, किंबहुना थोडे जास्तच. युनिटचा पंखा मागून व एका बाजूने हवा ओढतो आणि कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर सोडणाऱ्या भागाच्या, पातळ पत्र्यांमधून समोर फेकतो. तेवढ्यात ती साधारण दहा अंशांनी तापते. समोर मोकळे आकाश असेल तर ती निघून जाते, पण भिंत किंवा दाट जाळी असेल तर वळून पुन्हा आत ओढली जाते. मग बाहेर ३३ अंश असले तरी युनिटच्या वाट्याला त्याहून कितीतरी तापलेली हवा येते, कंडेन्सरमधला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो आणि थंडावा मात्र घटतो. शाफ्टमध्ये एकावर एक युनिटे असली की खालच्या मजल्यांची गरम हवा वर चढते, त्यामुळे वरच्या घरांचे हाल अधिक.

हे डोळ्यांनी पाहता येते. एसी चालू असताना जाळी आणि युनिट यांच्यामधल्या जागेत, कडेला पेटती उदबत्ती धरावी. धूर बाहेर न जाता वळून युनिटच्या मागे खेचला गेला, तर जागा चुकली आहे असे समजावे.

मागे किमान १५ ते ३० सेंटिमीटर आणि समोर एक मीटरभर जागा मोकळी असावी. नेमके अंतर त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच पाळावे. सावली असल्यास उत्तमच, मात्र हवा कोंडून मिळवलेली सावली तोट्याची ठरते. पावसाळ्यापूर्वी घराच्या भिंतीला झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) लावण्याच्या सवयीने काही जण युनिटलाही प्लास्टिक गुंडाळतात. पाऊस सोसण्यासाठीच हे यंत्र बनवलेले असते, आणि प्लास्टिकखाली ओल कोंडून गंज उलट वाढतो.

किनाऱ्यालगत प्रश्न खारट वाऱ्याचा आहे. तांब्याची नळी व ॲल्युमिनियमचे पत्रे यांच्यामध्ये मीठ आणि दमट हवा आली की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजू लागते. कळंगुट किंवा मिरामारसारख्या ठिकाणच्या जुन्या युनिटच्या पत्र्यावर बोट फिरवले, तर पांढरी भुकटी हाताला लागते आणि पत्राही चुरतो. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याने युनिट शक्यतो पूर्वेकडच्या आडोशाला बसवावे. पंख्याचे तोंड थेट समुद्राकडे असेल, तर पावसाळी वारा बाहेर पडणारी हवा मागे रेटतो. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत मऊ व सच्छिद्र असल्याने तिच्यातले बोल्ट कंपनाने ढिले होऊ शकतात; ब्रॅकेट काँक्रीटच्या तुळईत घट्ट केलेले बरे.

हे मीठ आणि धूळ दर काही महिन्यांनी गोड्या पाण्याने धुऊन काढावी लागते, म्हणून माणसाला तिथे पोहोचता येणे हवेइतकेच महत्त्वाचे आहे. गॅसचा दाब तपासण्याचे व्हॉल्व्ह ज्या बाजूला असतात तिथे मेकॅनिकला पाना फिरवता येईल एवढी, साधारण दोन फूट जागा लागते. तीसचाळीस किलोंचे युनिट चौथ्या मजल्यावरून काढायचे असेल तर पाय रोवायला पक्की जागा हवी. खिडकीच्या चौकटीला एका हाताने धरून, वीतभर रुंदीच्या छज्ज्यावर उभा राहून दुसऱ्या हाताने पाना चालवणारा तरुण मी पाहिला आहे. त्याच्या कमरेला दोरही नव्हता. नकाशा मंजूर करताना घरमालकाने वास्तुविशारदाला युनिट कुठे बसणार, त्याची हवा कुठे जाणार आणि दुरुस्तीला येणारा माणूस कोणत्या दारातून, कशावर उभा राहणार, हे विचारून घ्यावे.