म्हातारा घोडा पाय देत नाही, हा माज का दुखणं?

नालबंद (खूर तासून नाल मारणारा) आला की घोडा पाय हिसकतो आणि अख्खा तबेला एका सुरात म्हणतो, 'माजलाय.' तरुण घोड्याचं असेल बाबा तसं. पण आमची घोडी 22 वर्षांची, पुण्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर पळून मग रायडिंगला आलेली, म्हणजे कानस-हातोडीची सवय कोवळ्या वयापासूनची, ती एका पावसाळ्यात अचानक मागचा डावा पाय देईना. सवय अशी एका रात्रीत विसरते होय? मी पण आधी आवाज चढवला, खोटं कशाला बोलू.

फरक कळायला घोडा कधी बिथरतो ते बघायचं. भीती किंवा वाईट सवय असेल तर नालबंदाचा चामडी अॅप्रन दिसला की हात लावायच्या आधीच कान मागं, आणि चारही पायांना तेच नाटक, पण मोतद्दारानं (रोज घोड्याची निगा राखणाऱ्यानं) उचलला की गुमान देतो. दुखत असेल तर पाय उचलू देतो, थोडा वेळ धरू देतो आणि मग टेकवायला धडपडतो, बहुतेकदा तोच पाय, तेवढ्याच उंचीवर. खाली धरला तर चालतं, वर किंवा बाहेरच्या बाजूला ओढला की लाथ.

आता यातली गोम अशी की दुखणारा पाय हातातलाच असेल असं नाही. उभ्या घोड्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, त्यातला एक उचलला की दुसऱ्यावर किती पडतं बघा, म्हणून उजवा देत नसेल तर डावा तपासायचा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला दचकत असेल तर खुराच्या आतच काहीतरी आहे, लॅमिनायटिसची (खुराच्या आतल्या थराला येणारी सूज) शंका घ्यायची, म्हाताऱ्या घोड्यांत ते हार्मोनच्या आजारातूनही येतं. पावसाळ्यात खुराखालचा त्रिकोणी मऊ भाग सडून वास मारायला लागतो, ते वेगळंच.

आमच्या घोडीच्या मागच्या सांध्यात संधिवात निघाला. डॉक्टरांनी नाल मारायच्या आधी द्यायची वेदनाशामक गोळी ठरवून दिली (आपल्या मनानं देऊ नका, पोटात अल्सर होतात). बाकी उपाय साधे, आधी दहा मिनिटं चालवायची, रबर मॅटवर उभी करायची, पाय जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलायचा आणि तिनं मागितला की द्यायचा परत. नालबंदाची कंबर मोडते यात, जादा पैसे मागितले तर घासाघीस करू नका.

भित्र्या घोड्याला मात्र हेच केलं तर उलटं होतं, हिसकलं की सुटका हे तो लगेच शिकतो, त्याचा पाय तो शांत झाला की मगच खाली ठेवायचा. म्हणून आधी डॉक्टर, मग शिस्त. आमची आता चारही पाय देते, मागचा डावा सगळ्यात शेवटी आणि दोन टप्प्यांत.