ईएलएम३२७ आणि केकेएल केबल: सॉकेट एकच, काम वेगळं

गाडीतले बिघाड वाचणारं स्वस्तातलं स्कॅनर मागितलं की सोलापुरात हातात दोनपैकी एक वस्तू पडते: ब्लूटूथचा ईएलएम३२७ डोंगल, नाहीतर यूएसबीची केकेएल केबल. दोन्ही स्टिअरिंगखालच्या त्याच १६ पिनी सॉकेटात बसतात. त्यामुळे एकाने गाडी बोलली नाही की लोक ईसीयूच, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणकच, गेला समजतात. घाई करू नका.

ईएलएम३२७ मध्ये स्वतःचा मायक्रोकंट्रोलर असतो. मोबाईलवरचं टॉर्कसारखं ॲप त्याला साधे हुकूम देतं. प्रोटोकॉल, म्हणजे गाडीची बोलण्याची पद्धत, ओळखणं, वेळ सांभाळणं हे डोंगलचं काम. पिन ६ आणि १४ वरचा कॅन (नव्या गाड्यांतली दोन वायरींची जोडणी) त्याला कळतो, पिन ७ ची के-लाइनही (जुन्या गाड्यांतली एका वायरीची). इंजिनचे फॉल्ट कोड आणि लाइव्ह डेटा बघायला एवढं पुरतं. ‘व्ही १.५’ छापलेला डोंगल मात्र नक्कल समजा. मूळ कंपनीने ती आवृत्ती कधी काढलीच नाही.

केकेएल केबलला असं डोकं नसतं. ती १२ व्होल्टची के-लाइन यूएसबीला जोडते, बाकी सगळं लॅपटॉपने सांभाळायचं. कॅनच्या पिनांना तिच्यात वायरच नाही, म्हणून नव्या गाडीत ती मुकी राहते.

पहिल्या पिढीची डिझेल ऑक्टाव्हिया घ्या. तिचा ईसीयू केडब्ल्यू१२८१ हा जुना प्रोटोकॉल बोलतो. आधी ५ बॉडने, म्हणजे सेकंदाला ५ बिट इतक्या संथ गतीने, पत्ता पाठवून त्याला जागं करायचं, त्यातच २ सेकंद जातात. पुढे जवळजवळ प्रत्येक बाइटचा उलटा बाइट परत द्यावा लागतो, आणि ईएलएम३२७ ते करत नाही. इथे केकेएल केबल आणि लॅपटॉपवरचं व्हीसीडीएस-लाइट सॉफ्टवेअर ही जोडी चालते. लॅपटॉपमध्ये केबलचा पोर्ट कॉम १ ते ४ मध्येच ठेवा. एफटीडीआय चिपची केबल घ्या आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये लेटन्सी टायमर (आलेला डेटा पुढे देण्याआधीची थांबण्याची वेळ) १६ वरून १ किंवा २ मिलिसेकंदांवर आणा. नाहीतर जोडणी मध्येच तुटते.

तरी बोलत नसेल तर आधी स्टीरिओकडे बघा. या गाड्यांत कंपनीच्या स्टीरिओच्या कनेक्टरमध्ये के-लाइनची वायर येते. बाहेरचा स्टीरिओ बसवताना ती भलत्या पिनला लागते आणि सगळी लाइन खाली खेचली जाते. केबल लावून, इग्निशन चालू करून पिन ७ आणि पिन ४ (ग्राउंड) मध्ये व्होल्टेज मोजा: बॅटरीच्या जवळपास हवं. शून्याच्या आसपास आलं तर स्टीरिओचा कनेक्टर काढून पुन्हा मोजा.

कॅनच्या गाडीत इग्निशन बंद करून पिन ६ आणि १४ मध्ये रेझिस्टन्स बघा. बहुतेक ठिकाणी ६० ओहम येतो. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा तिथवरची वायर तुटली आहे. शून्य म्हणजे दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या.

लिहिण्याचं, म्हणजे प्रोग्रॅमिंगचं, काम वेगळ्या जोखमीचं. के-लाइनच्या जुन्या एमई७ ईसीयूवर (बॉशचा पेट्रोल इंजिनांचा ईसीयू) केकेएल केबल आणि नेफमोटो हे सॉफ्टवेअर वापरून फ्लॅश, म्हणजे नवी फाइल लिहिणं, करता येतं. कॅनच्या ईसीयूला जे२५३४ पास-थ्रू, म्हणजे लॅपटॉप आणि ईसीयू जोडणारं प्रोग्रॅमिंगचं उपकरण, लागतो. ब्लूटूथ डोंगलने तिथे फ्लॅश करू नका, कारण मध्येच जोडणी तुटली तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो. लिहिण्याआधी मूळ फाइल दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते तपासा. बॅटरीला चार्जर लावूनच ठेवा, एसी, पंखा आणि दिवे बंद. मे महिन्यातल्या उन्हात लॅपटॉप बोनेटवर ठेवायचा नाही, सावलीत घ्या. गरम होऊन तो मध्येच बंद पडला तर लिहिणंही तिथेच थांबतं.