कॅमशाफ्ट बेअरिंग बसवणे

इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधताना कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याची, झिजलेली बेअरिंग्ज काढून ब्लॉकमध्ये नवी बसवण्याचे काम. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात असलेल्या, म्हणजे बहुतेक करून पुशरॉड पद्धतीच्या (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनांत ते करावे लागते. क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, बेअरिंग दोन अर्ध्या वाट्यांचे असते, कॅप खोलली की हाताने निघते. कॅमशाफ्टचे बेअरिंग मात्र अखंड कडे असते आणि ब्लॉकमधल्या भोकापेक्षा किंचित मोठे ठेवलेले असते, त्यामुळे ते ठोकून किंवा खेचूनच आत न्यावे लागते. घरी इंजिन बांधणारे पुष्कळ जण बाकी सगळे स्वतः करतात आणि एवढे काम मशीन शॉपकडे देतात. खरे हत्यार हाताशी असेल तर ते घरीही नीट होते. सॉकेट आणि पाइपचा तुकडा घेऊन मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांत हे काम सर्रास होते ते शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ इंजिनावर. १९५५ च्या मॉडेलांबरोबर ते २६५ घनइंचांचे म्हणून आले, १९६७ मध्ये त्याचा ३५० घनइंची (५.७ लिटर) अवतार निघाला आणि २०११ मध्ये जनरल मोटर्सने या घराण्यातले दहा कोटीवे इंजिन बनवले. मूळ पिढीच्या या इंजिनात कॅमशाफ्टला पाच बेअरिंग्ज असतात. भारतीय रस्त्यांवरच्या जुन्या गाड्यांत अँबेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाला अशी तीन बेअरिंग्ज असत. महिंद्रने मुंबईत जुळवलेल्या विलिज जीपच्या चार सिलिंडरी इंजिनात फक्त पुढचे बेअरिंग बदलता येते, बाकी ठिकाणी शाफ्ट थेट बिडाच्या भोकात फिरतो. मारुती ८०० मध्ये कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असल्याने हा प्रश्नच येत नाही.

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याची बेअरिंग्ज दुय्यम समजली जातात. स्मॉल-ब्लॉकमध्ये हा समज महागात पडतो. इथे पंपाचे ऑइल फिल्टरमधून कॅमशाफ्टच्या वरच्या मुख्य नळीत चढते, तिथून कॅम बेअरिंगच्या पाठीमागे ब्लॉकमध्ये कोरलेल्या गोल खाचेतून वळसा घेते आणि मग खाली क्रँकशाफ्टच्या मेन बेअरिंगला पोचते. कॅम बेअरिंग ही खाच झाकूनही ठेवते. ते जागेवर नीट बसले नाही तर त्याच्या कडेने ऑइल गळते आणि खालच्या मेन बेअरिंगचा दाब पडतो. १९५५-५६ च्या २६५ ब्लॉकची मागच्या बेअरिंगपाशी रचना वेगळी होती, त्यामुळे त्यात मागच्या जर्नलला (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) खाच असलेलाच कॅमशाफ्ट लागतो.

बेअरिंगचे बाहेरचे कवच पोलादी आणि आतला थर व्हाइट मेटलचा असतो. हा मिश्रधातू आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये शोधला. तो इतका मऊ असतो की ऑइलमधला बारीक कण त्यात रुतून बसतो आणि शाफ्टवर ओरखडा येत नाही. याच मऊपणामुळे आतून पॉलिश पेपर मारणे घातक ठरते. पेपरचे कण थरात घट्ट बसतात आणि पुढे जर्नल घासत राहतात. ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत धुतला असेल तर जुनी बेअरिंग्ज चांगली दिसत असली तरी ठेवू नयेत.

स्मॉल-ब्लॉकच्या पाचही बेअरिंगांचा आतला व्यास सारखा असतो, कारण कॅमशाफ्टचे सगळे जर्नल सुमारे १.८६८ इंचांचे आहेत. बाहेरचा व्यास मात्र जागेनुसार बदलतो: पहिल्याचा वेगळा, दुसऱ्या-पाचव्याचा वेगळा, तिसऱ्या-चौथ्याचा वेगळा. म्हणून खोक्यावरचे क्रमांक वाचून बेअरिंग्ज आधी ओळीने मांडून ठेवावीत. ठोकण्यापूर्वी प्रत्येक भोकाची तोंडाकडची कड हलकेच मोडून घ्यावी. धारदार कड बेअरिंगच्या पाठीची साल काढते.

हत्यार म्हणजे लांब दांडा, त्यावर बेअरिंगच्या आत फुगून घट्ट बसणारे डोके आणि दुसऱ्या भोकात टेकून दांडा मध्यावर धरणारा शंकू.  पुढचे आणि मागचे बेअरिंग बाहेरून आत ठोकतात. दांडा तिरका झाला की बेअरिंग तिरपे शिरते आणि एका बाजूने धातूची कुरळी साल निघते. असे बेअरिंग फेकून द्यावे, सरळ करण्याच्या नादी लागू नये. ब्लॉकमध्ये अडवणारी पायरी नसल्याने कुठे थांबायचे हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. बेअरिंगच्या दोन्ही कडा भोकाच्या आत सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत.

ऑइलच्या भोकाची दिशा ठोकण्याआधीच बेअरिंगवर खूण करून ठरवतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमशाफ्टला खाली दाबतात, म्हणून भोक तळाशी येऊ देऊ नये. समोरून पाहता शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरतो. भोक घड्याळातल्या तीनच्या जागेच्या आसपास ठेवले की ऑइल आधी जर्नलवर येते आणि मग भाराच्या जागी ओढले जाते. पाठीमागे खाच नसलेल्या इंजिनांत एवढी मोकळीक नसते. तिथे बेअरिंगचे भोक ब्लॉकच्या भोकासमोरच यावे लागते, नाहीतर ऑइल बंद. बसवून झाल्यावर तार घालून आणि ऑइलच्या पिचकारीने प्रत्येक वाट तपासावी.

मग ब्लॉक मागच्या तोंडावर उभा करावा, कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला लांब बोल्ट लावून मूठ करावी आणि तो सरळ खाली सोडावा. आडव्या ब्लॉकमध्ये कॅमच्या, म्हणजे शाफ्टवरच्या उंचवट्यांच्या, कडा मऊ थराला ओरबाडतात. शाफ्ट ऑइल लावून बोटांनी फिरला पाहिजे. अडत असेल तर काढून पाहावे: जिथे थर चकाकतो तिथेच स्क्रेपरने अगदी पातळ खरवडावे आणि पुन्हा घालून बघावे. दोन-चार फेऱ्यांत तो मोकळा होतो. पाचही ठिकाणी अडला तर खरवडू नये, बेअरिंग्ज चुकीच्या जागी गेलीत का ते आधी पाहावे.

शेवटी मागच्या भोकाचे गोल झाकण सीलंट लावून ठोकतात. ते गळले तर ऑइल गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगमधून टपकते, संशय क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलवर जातो आणि दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.