टीव्हीसमोर तासभर बसतो, मग एडीएचडी कसा असेल?

"मूल कार्टून बघत तासभर हलत नसेल, तर त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं, चुळबुळ आवरणं जड जातं अशी मेंदूच्या वाढीशी जोडलेली अडचण) असूच शकत नाही, तो नुसता हट्टीपणा." पालकांच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. पटतंही, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. पण ते खरं नाही.

एडीएचडीमध्ये लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तिथे वळवणं आणि टिकवणं जड जातं. कार्टूनमध्ये चित्र सतत बदलतं, गेममध्ये लगेच बक्षीस मिळतं, म्हणजे लक्ष बाहेरून खेचलं जातं. पाढे लिहिताना ते आपलं आपण धरून ठेवावं लागतं. 'सात त्रिक एकवीस'पर्यंत गाडी येते, पेन्सिल पडते, ती उचलायला वाकलेलं मूल थेट खिडकीशी पोचतं. त्याला रागावून उपयोग नसतो, हे मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं.

मग तपासायचं कसं? लक्षणं किमान ६ महिने टिकलेली हवीत, वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी रोजचं जगणं अडायला हवं. गप्प बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगीही यात असू शकते. तिच्याकडे बहुतेकदा कुणाचं लक्ष जात नाही.

दोन आठवडे वहीत टिपून ठेवा: काय घडलं, कुठे, किती वेळ. वर्गशिक्षकांनाही विचारा. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. झोप, ऐकू येणं, नजर हेही ते बघतील.